वीतभर पडदा

वयामुळे बाबांचं लायसन संपलं, तेव्हा लेकीने रस्ता घरातच आणून दिला. संगणकावरचा ट्रक चालवायचा खेळ, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग आणि खाली पेडल. बाबांनी आधी नाक मुरडलं, पोरखेळ म्हणाले. आठवड्याभरात मात्र जेवायला हाक मारली की उत्तर यायचं, घाट उतरू दे, मग येतो.

खुर्चीमागे पडदा आणि पडद्याआड बाबांची खाट. खोली लहान, पण बाबांना तीच आवडायची. त्यांच्या ट्रकची केबिनही अशीच असे. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे पडद्याआड झोपायचं. गाडी हलवण्याआधी पडदा वीतभर सरकवून मागचा आहे ना, ते बघायचं. बाबांचा जोडीदार बुटका, सगळे रस्ते तोंडपाठ, म्हणून त्याचं नाव नकाशा. पडदा सरकवून बघायचा नेम त्याने कधी चुकवला नाही. बाबा एकदाच चुकले.

नकाशा पेट्रोल पंपावर बाटलीत पाणी भरायला उतरला होता. तो मागे झोपलाय असं धरून बाबा निघाले. ट्रक गाठायला नकाशा एका टेम्पोत चढला आणि तो टेम्पो वळणावर उलटला. नकाशा जागीच गेला. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बाबांची झोप कुत्र्याची. डोळा लागला न लागला की दचकून उठायचे.

एका दुपारी बाबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "त्या पंपावर कुणीतरी उभं असतं."

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. बाबांचे तिने गेल्याच महिन्यात तपासले होते, ठणठणीत होते. या खेळात पायी माणसं नसतातच, बनवणाऱ्यांनी ती घातलीच नाहीत, असं तिने समजावलं.

"मग ती बाटली कोणाच्या हातात आहे?" बाबांनी विचारलं.

तिने वाकून पाहिलं. पंपाच्या सावलीत एक बुटका माणूस होता, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली. ट्रक पुढे गेला तसा तो मान वळवून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम वेगळा रस्ता निवडून दिला. पंप वेगळा होता, माणूस तोच. बाबा दर वेळी वेग वाढवून निघून जात आणि मग कितीतरी वेळ ट्रकच्या आरशात मागे बघत राहत.

लेकीच्या बुद्धीला हे पटत नव्हतं. पण बापाचं ते पळणं तिला बघवेना.

"एकदा थांबा ना, बाबा."

"कोणत्या तोंडाने थांबू?"

"आहे त्याच तोंडाने. तो रागावलेला दिसत नाही."

पुढचा पंप आला. बाबांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला.

सावलीतला माणूस चालत आला आणि स्क्रीनच्या डाव्या कडेबाहेर गेला. ट्रक त्या बाजूला किंचित दबला, कुणी चढल्यावर दबतो तसा. कोपऱ्यात चालक थकल्याची लाल खूण लुकलुकत होती. ती हिरवी झाली.

बाबांचे डोळे भरून आले. "आता त्याची पाळी," म्हणाले आणि उठून खाटेवर आडवे झाले. मिनिटभरात घोरू लागले. अकरा वर्षांत लेकीने ते घोरणं ऐकलं नव्हतं. तिलाही रडू आलं. उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर नको म्हणून तिने पडदा पार भिंतीपर्यंत ओढून लावला. संगणक बंद करायला गेली, पण हात धजावेना. ती चहा टाकायला आत गेली.

कप घेऊन आली तर ट्रक हायवेला लागला होता.

खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवर वळण आलं की टेबलावरचं स्टिअरिंग सावकाश फिरायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

आपोआप गाडी चालण्याची सोय या खेळात नव्हती. खेळ तिनेच बसवला होता, तिला ते पक्कं ठाऊक होतं.

तिने मागे पाहिलं. बाबा गाढ झोपले होते, तोंड उघडं, हात सैल.

ते तिला खुर्चीजवळूनच दिसले. पडदा वीतभर सरकलेला होता.