सुटलेलं घर

लिफ्ट तपासणाऱ्या साहेबांना विणकाम येतं, हे त्यांच्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि घरी तर मुळीच नव्हतं. लहानपणी आत्याने शिकवलं होतं. मधली कितीतरी वर्षं ते विसरल्यातच जमा होतं. मग पन्नाशीला सिगारेट सोडली आणि बोटांना काहीतरी चाळा हवा झाला. जेवणाच्या सुट्टीत साहेब खोलीचं दार लोटून घेत, खालच्या खणातून सुया काढत आणि कुणाची चाहूल लागली की सगळा पसारा तपासणीच्या कागदांखाली सारत. लोकांना वाटे, साहेब डुलकी काढतात. साहेबांना ते चालत असे. डुलकी काढण्यात कमीपणा नव्हता.

पण अडलं तर विचारणार कुणाला? म्हणून ते फोनवरच्या एका छोट्या गटात शिरले. विणणाऱ्यांचा गट, मोजकीच माणसं, खरं नाव एकाचंही नाही. एक 'लोकरीचा गुंडा', एक 'जाड सुई'. सगळ्या बायकाच दिसत होत्या. साहेबांनी विणकामातल्या सरळ टाक्याचं नाव घेतलं, 'सुलट', आणि पहिलंच वाक्य लिहिलं, 'मी इथे नवीन, पण लहानपणापासून विणते.' 'विणतो' लिहिलं असतं तर कुणी त्यांना खाल्लं नसतं. पण एक काना गाळून काम भागत होतं, तर त्यांनी भागवून घेतलं.

सुलट साहेबांपेक्षा बरी निघाली. साहेब घरी 'हूं' आणि 'बरं' यापलीकडे जात नसत. सुलट गप्पिष्ट होती, थट्टेखोर होती, दुसऱ्याचं मन लावून ऐकत होती. हे सगळं इतके दिवस कुठे होतं, याचं साहेबांनाच नवल वाटे.

गटात 'सुटलेलं घर' नावाची एक बाई होती. सुईवरून टाका निसटला की घर सुटलं म्हणतात, त्यावरून घेतलेलं हे नाव साहेबांना मोठं गमतीदार वाटलं. घर पुन्हा उचलायचं कसं, हे विचारता विचारता ती सुलटशी वेगळं बोलू लागली. आणि एका दुपारी तिने लिहिलं, 'आमच्या ह्यांचं कामच लिफ्ट तपासायचं. स्वतः मात्र पाच मजले जिन्याने चढतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय?'

साहेबांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नीट पाहिलं. खिडकीपाशी टोपली होती, टोपलीत राखाडी लोकर आणि अर्धी झालेली बाही. बायकोने लपवलेलं काहीच नव्हतं. टोपली कधीपासून तिथे आहे, हे विचारायचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. साहेबांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दार लोटून त्यांनी सुलटच्या नावाने लिहिलं, 'अजून काय म्हणतात गं तुझे हे?' आणि बायको सांगत गेली. जेवताना समोर वर्तमानपत्र धरतात. मी आजारी होते तेव्हा औषध आणून ठेवलं, पण कशी आहेस म्हणून विचारलं नाही. 'सोबत राहून एकटं पडण्यापेक्षा बहिणीकडे जावं म्हणते. कायमचंच.' वाचताना साहेबांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होई, तरी ते वाचत. बायको त्यांच्याशी इतकं बोलत असे, अशी ही एकच जागा होती.

अखेर त्यांनी मनाचा हिय्या केला. सुलटला निरोप द्यायचा, घरी जाऊन सगळं कबूल करायचं आणि बायकोला स्वतःच्या तोंडाने थांब म्हणायचं. त्यांनी गटात लिहिलं, 'मी बाहेर पडतेय. फार थकलो.'

पाठवल्यावर त्यांनी ओळ पुन्हा वाचली. थकलो! इतक्या महिन्यांत एकदाही न झालेली चूक. ते घाईने खोडायला गेले, तर तिथे 'थकले' असं होतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. थकले. आपणच बरोबर लिहिलं असणार.

तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. सुलटच्याच नावाने. 'पण जात नाही हं मी कुठे.'

फोन टेबलावर होता. साहेबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

त्यांनी खातं पुसून टाकलं. गट बाहेरूनही वाचता येत असे. तिथे सुलट गप्पा मारतच होती, जाड सुईला गळ्याची घरं मोजून देत होती. बरोबर मोजत होती. कुणीतरी पासवर्ड चोरला, असं साहेबांनी स्वतःला समजावलं. लिफ्ट अडकली की कारण सापडतंच, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

संध्याकाळी ते बायकोसमोर बसले. वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"अगं, एक सांगायचंय."

"सांगा ना."

"ती तुझी सुलट आहे ना, ती मीच. मीच लिहीत होतो सगळं. तुझं सगळं वाचलं मी. मला फार लाज वाटते गं. पण तू जाऊ नकोस."

ती चिडली असती, रडली असती, तरी सोसायची त्यांची तयारी होती. ती मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या मायेने तिने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तुम्ही असं म्हणाल, असं ती म्हणालीच होती."

"कोण?"

"सुलट. दुपारी तिच्याकडेच तर होते मी."

"अगं, सुलट म्हणून कुणी नाहीये! मी रचलेली बाई आहे ती."

"हेही म्हणाली." बायकोने हात पुढे करून त्यांची कॉलर नीट केली. "म्हणाली, त्यांना रागावू नकोस, त्यांना खरंच तसं वाटतं. एकटीला करमेना म्हणून तिने तुम्हाला रचलं, लिहीत गेली आणि मग ते हाताबाहेर गेलं. तुझ्या संसारात इतकी वर्षं मी लुडबुड केली, मला लाज वाटते गं, म्हणाली. रडली हो बिचारी. आजच बंद करते म्हणाली."

"काय बंद करते?"

बायको उठली. ओट्यापाशी जाऊन ताट वाढू लागली.

"मीच म्हटलं तिला," ती पाठमोरीच म्हणाली, "आजचं जेवण तेवढं होऊ दे त्यांचं."

तिने ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि शेजारी येऊन बसली.

"सावकाश जेवा," ती म्हणाली.