माग बंद करायची रात्र

मला हे लिहायचं नव्हतं. आमची सून विजयमाला शाळेत शिकवते. माणसानं जे पाहिलं ते लिहून ठेवावं, असं तिच्या डोक्यात बसलंय. चौथी नापास माणसापुढं शंभर पानी वही टाकून ती सकाळी निघून जाते आणि संध्याकाळी येऊन तपासते. म्हातारपणी गृहपाठ! लिहितो. पण ऱ्हस्व-दीर्घ काढत बसली तर वही चुलीत जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

मी बिरप्पा. मूळचा मंगळवेढ्याकडचा. घरात मेंढरं होती, पण मला यंत्राचं वेड. पंचविशीत सोलापूर गाठलं आणि मागांचा फिटर झालो. आमच्या पेठेत माग घरातच असतो. पुढच्या खोलीत माग, आतल्या खोलीत माणसं. नवीन पाहुण्याला त्या खडखडाटात पहिल्या रात्री झोप लागत नाही. घरच्यांचं उलटं. माग चालू असला की गाढ झोपतात आणि थांबला की जागे होतात. मध्यरात्री लाईट गेली की अख्खी पेठ अंथरुणात उठून बसते. खोटं वाटत असेल तर येऊन झोपून बघा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्याहत्तर सालचा डिसेंबर, अमावस्या. शिवलिंगप्पांच्या घरून निरोप आला की आडवं सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा चामडी ठोकळा फाटलाय, बदलून द्या. तासाभराचं काम. हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

शिवलिंगप्पा म्हणजे आमच्या पेठेतले जुने विणकर. आधी हातमाग, मग विजेचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं विणत होते. एकदा धोटा उडून त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसला होता. ते बोट वाकडं झालं ते झालंच. त्या वाकड्या बोटानं ते तपकीर ओढायचे. आता महिनाभर अंथरुणाला खिळले होते. छातीचं दुखणं. माग त्यांची बायको गुरम्माक्का चालवत होती, दिवसाही आणि रात्रीही.

मी ठोकळा बसवत होतो आणि माझ्या डोक्यावर मायलेकाचं भांडण चाललं होतं.

"डॉक्टर म्हणाले, अप्पांना शांत झोप पायजे," मुलगा शिवपुत्र म्हणाला. "आन् हितं रात्रभर खडखड. आजपासनं धाला माग बंद. मोटर बी तापती. एक दिवस घर पेटंल."

"रोज थांबवून रोज सुरू केली की मोटरीला जास्त तरास," मी म्हणालो.

"तुमाला मोटरीचं मत विचारलं न्हाय, मामा."

"मग मला काय चहाला बोलावलंस व्हय? तो बी अजून आला न्हाय."

गुरम्माक्का हसली नाही. "बंद माडबेड," ती म्हणाली. रागात ती कानडीत शिरायची. "बंद नको. उभ्या सुताचा ताणा संपत आलाय. अर्धा ताणा मागावर टाकून मी जाणार न्हाय, असं त्यांनी सांगितलंय मला."

"अव्वा, ते तापात बोलत्यात."

"जन्म गेला त्यांचा या आवाजात झोपून. आता शांत करून झोपवतोस? कसली झोप ती?"

पण शिवपुत्र ऐकणारा गडी नव्हे. त्याला त्या संध्याकाळी थोरल्या बहिणीला आणायला अक्कलकोटला जायचं होतं, पहाटेच्या गाडीनं परत. जाताना मला दारात ओढून म्हणाला, "मामा, आज हितंच झोपा. बरोब्बर धाला मेन स्विच खाली ओढायचा. अव्वा काय बी म्हणू दे. अप्पांस्नी आवाजानं काय झालं, तर जबाबदार तुमी."

झोपा म्हणाला म्हणून झोपलो असतो तर बरं झालं असतं.

ठोकळा बसवून माग चालू करून दिला आणि दहाला थोडा वेळ असताना मी आत जाऊन म्हाताऱ्याला भेटलो. अंगावर चादर, उशाशी तपकिरीची डबी. डोळे मिटूनच विचारलं, "बिरप्पा, किती उरलाय?"

"सात चादरी होतील, अप्पा."

"सात." बोटावर मोजल्यासारखं केलं. "मग सात."

दहा वाजले. घड्याळ नव्हतं, पण दहाला एक ट्रक कोपऱ्यावरून जायचा तो गेला. गुरम्माक्का मागापाशी उभी होती. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की भरलेली कांडी बसवायची, एवढंच तिचं काम, पण ते पाच-सात मिनिटांनी पुन्हा पुन्हा. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. स्विच खाली ओढला.

शांतता पडली असं लोक म्हणतात. तेव्हा मला कळलं की ती खरंच पडते. वरून, जड, ओल्या घोंगड्यासारखी. खळीचा आंबूस वास आणि तेलाचा वास एकदम नाकात शिरला. शेजारच्या घरांतले माग लांब कुठंतरी चालल्यासारखे वाटले. मग आतून खोकला आला. मग श्वास, जड, ओढून घेतल्यासारखा. मी दारात जाऊन पाहिलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात चादरीखाली हलत होते. एकदा उजवा, एकदा डावा. हातमागावर धोटा फेकतात तसे. थांबलेल्या मागाचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

पाच मिनिटं झाली. हात थांबले. मग श्वास थांबला.

गुरम्माक्का रडली नाही, ओरडली नाही. "बघ," एवढंच म्हणाली.

मी धावलो. स्विच वर लोटला. मोटर गुरगुरली, पट्टा ताणला गेला, पहिला ठोका पडला. खटाक्. आणि आतल्या खोलीत छाती वर आली. दुसरा ठोका. श्वास बाहेर. मग दोन्ही आपापल्या वाटेनं चालू झाले.

मी देवळात फारसा जात नाही. पण तेव्हा मी चपला काढल्या. स्विचसमोर हात जोडून उभा राहिलो, कुणाला ते माहीत नाही.

"आता हात लावू नको," अक्का म्हणाली. "मी त्यांच्या पायाशी बसते. तू कांड्या घाल."

टोपलीत भरलेल्या कांड्या होत्या. मी घालत राहिलो. सवा अकरा झाले असतील. बल्ब एकदा तांबडा झाला आणि गेला.

सगळ्या पेठेची लाईट गेली होती. सगळे माग एका दमात बंद पडले. घराघरांतून माणसं उठल्याचे आवाज आले, कुणी खाकरलं, कुठं कडी वाजली. अप्पा गेले, हेच मनात आलं. आता स्विच वर-खाली करून काही होणार नव्हतं.

आणि मग मला कळलं की मी अजून ठोके ऐकतोय.

खटाक्. खटाक्. खटाक्.

शेजारी सगळे बंद. हा एकच चालू. मी अंधारात हात पुढं केला, मोटरीवर ठेवला. ती गार पडत चालली होती. पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा जागच्या जागी होता, सैल, हलत नव्हता. चाळीस वर्षं मी माग उघडलेत, पार नटबोल्टपर्यंत. पट्टा हलत नसला तर माग हलत नाही. दुसरी रीत नाही. तरी फणी पुढं येत होती आणि सुतावर आपटत होती, इतक्या सबुरीनं, की विजेवर मी तसा ठोका कधी ऐकला नव्हता. प्रत्येक ठोक्याला वारा माझ्या तोंडावर येत होता. त्या वाऱ्याला तपकिरीचा वास होता.

"बिरप्पा..." आतून अक्काचा आवाज. "माग कोण चालवतंय?"

"अक्का... तुमी कुटं हाय?"

"यांच्या पायाशी."

"अप्पा?"

"श्वास हाय. हात हलत्यात."

तेवढ्यात ठोका थांबला. क्षणभरच. कांडी संपली की थांबतो तेवढाच. अंधारात, माझ्यासमोर, हातभर अंतरावर कुणीतरी वाट बघत होतं. मला काय करायचंय ते कळलं. मी टोपलीत चाचपडलो, भरलेली कांडी उचलली आणि पुढं धरली.

एका हातानं ती घेतली. हात गरम होता. हिसकावली नाही, ओढली नाही. कामात असलेला माणूस न बघता हात पुढं करतो ना, तशी घेतली. घेताना त्याचं पहिलं बोट माझ्या तळव्याला घासलं. बोट वाकडं होतं.

खटाक्. खटाक्.

पळालो का नाही, असं विजयमाला विचारते. पळायचं सुचलं नाही. भीती वाटली, व्हय. पण भीतीहून मोठं काहीतरी त्या खोलीत भरलं होतं. मोठा माणूस काम करत असताना आपण शेजारी उभं राहतो, तसं वाटत होतं. मी रात्रभर उभा राहिलो. ठोका थांबला की कांडी पुढं धरायची. हात यायचा. मध्ये एकदा मी हळूच म्हणालो, "अप्पा, दमलात का?" तर ठोका जरा जोरात पडला. त्यांना कामात बोललेलं आवडायचं नाही.

टोपली रिकामी झाली तेव्हा बाहेर कोंबडा आरवला होता. शेवटची कांडी घेतलेल्या हातानं माझी बोटं क्षणभर दाबली. मग कधीतरी बल्ब फडफडला आणि लागला. पेठेतले माग एकेक करून खडखडू लागले.

आमचा थांबला. लाईट आली आणि तो थांबला. ताणा संपला होता, शेवटच्या धाग्यापर्यंत. मागासमोर कुणी नव्हतं. धोट्याची जागा रिकामी होती.

आतून अक्का म्हणाली, "गेले." आणि मग रडली.

शिवपुत्र बहिणीला घेऊन दारात आला तो साडेसहाला. बापाला पाहिलं, मागावरचं कापड पाहिलं, आणि आल्या पावली माझी गळपट्टी धरली. "रात्रभर माग चालवला तुमी! सांगितलं हुतं मी! मारलं तुमी माज्या बापाला!" भावकी जमली होती, सगळी पेठ दारात. त्या सगळ्यांदेखत मला खुनी म्हणाला.

शेजारची पार्वतम्मा पुढं झाली. "अरं, सोड त्याला. रातभर लाईट कुटं हुती? सवा अकराला गेली ती आत्ता आली."

"मग माग कसा चालला?"

"चालला की," पार्वतम्मा म्हणाली. "आमी सगळ्यांनी ऐकला. तुमच्या घरात लाईट कशी, असंच वाटलं आमाला."

शिवपुत्राचा हात माझ्या गळपट्टीवरून निघाला.

दुपारी माती दिली. तेराव्यानंतर गुरम्माक्कानं कापड मागावरून उतरवलं. माग चार-पाच मिनिटं थांबला की कापडावर एक आडवी रेघ पडते. धुतली तरी जात नाही. विणणारा ती लगेच ओळखतो. आम्ही दोघांनी सातही चादरी उन्हात धरून बघितल्या. रेघ एकच होती. पहिल्या चादरीत. मी दहाला स्विच ओढला ती. त्यानंतर, लाईट गेली तिथंही, शेवटपर्यंत कापड अखंड, साईसारखं. ती रेघेची चादर अक्कानं मला दिली. मी तीच पांघरतो. रेघ छातीवर येते.

धोटा सापडला नाही. पुढं शिवपुत्रानं माग विकला. उचलून नेताना खालची फरशीही बघितली, नव्हता. तेव्हा तो माझ्याकडं आला. मला वाटलं, उशिरा का होईना, माफी मागायला आला. तर म्हणतो, "मामा, अप्पांचा धोटा तुमी तर न्हाय नेला?"

अप्पा गेले त्या रात्रीपासून मी उशाशी एक भरलेली कांडी ठेवून झोपतो. लाईट गेली आणि कुणी हात पुढं केला, तर आपल्याकडं असावी. या दोन वर्षांत पेठेची लाईट कितीदा गेली असेल, सकाळी कांडी भरलेलीच असायची. गेल्या बुधवारी रात्री दीड-दोन तास गेली. सकाळी उठून पाहिलं तर उशाशी कांडी होती, पण नुसतं लाकूड. विजयमाला म्हणाली, मांजरानं सूत ओढलं असेल. सगळं घर झाडून काढलं तिनं, कपाटाखाली, कोनाड्यात. टीचभर धागा सापडला नाही.

मी पुन्हा भरून ठेवलीय.

बाकी एकच राहिलंय. मला एकदा खुनी म्हणाला आणि एकदा चोर. त्याच्याकडून दोन माफ्या येणं झाल्या. पेठेतच राहतो, रोज समोरून जातो, मान खाली घालून. वही वाचणाऱ्यानं त्याला सांगावं, बिरप्पा म्हातारा अजून जिवंत आहे आणि वाट बघतोय. नाव शिवपुत्र शिवलिंगप्पा.