भिंतीपलीकडचे ठोके

“आबा आहेत तोवर मी या घरात आहे,” ती म्हणाली. “त्यांच्यानंतर मी ताईकडे जाईन. कायमची. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून ‘बोलली नाहीस’ असं व्हायला नको.”

हे सगळं तिने आबांच्या धुतलेल्या सदऱ्यांच्या घड्या घालता घालता, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसकडे ठेवून सांगितलं. थोरला, तिचा नवरा, टेबलाशी चहा पीत बसला होता. त्याचा कप हातातल्या हातात राहिला.

“बरं,” तो म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होता? म्हणण्यासारखं एक वाक्य त्याच्याजवळ होतं, कितीतरी वर्षं होतं, आणि ते बोलला असता तर ती कदाचित थांबलीही असती… पण ते बोलायचं म्हणजे पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या अंगावरचं पांघरूण ऐन थंडीत ओढून घ्यायचं! डॉक्टर कालच सांगून गेले होते, हृदय थकलंय, आता औषधापेक्षा जिवाभावाचं माणूस जवळ असू द्या. आणि आबांचं जिवाभावाचं माणूस म्हणजे सूनबाई. लेकाने चमचा पुढे केला की म्हातारा तोंड मिटून घेई, सुनेने केला की लहान मुलासारखा आ करी. तेव्हा बाप ज्या दिवशी जाईल त्याच दिवशी बायकोही जाईल, हे आता ठरल्यासारखंच होतं.

सगळे त्याला थोरला म्हणत. धाकटा एक होता, तो फार लहानपणी गेला. पण याचं थोरलेपण काही सुटलं नाही.

घराला लागूनच त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन बाकं, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि जिकडेतिकडे भुसा. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. बापलेक तिथे शवपेट्या करत. धंदा उदास खरा, पण माणसं उदास नव्हती. झाकणाला चारच स्क्रू लावायचे हा आबांचा नियम, आणि कुणी कारण विचारलं की ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत, “अहो, शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की सगळ्यांनी उठायचंय. बिचाऱ्याला आतून धडपड करायला लावू नये!” यावर पाळकांनासुद्धा हसू आवरत नसे. आबांचा दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठ्या पेट्या आधीपासून तयार असत, पण लहान पेटी कधीही आधी करून ठेवायची नाही. निरोप आला, की मगच फळीला हात लावायचा. लेकराच्या बाबतीत प्रभूला शेवटच्या श्वासापर्यंत मोकळीक ठेवावी, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून काही वर्षांपूर्वी त्या दिवशी कारखान्यात कापडाखाली झाकलेली लहान पेटी तिने पाहिली, तेव्हा तिचा अर्थ तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

चिमणी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. त्यांची एकुलती एक मुलगी, अजून शाळेतही जात नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण आईने गुडघे टेकले होते, आणि आईला वाटत होतं की आपलंच वजन जास्त भरेल. लेकीचा आवडता झगा न्यायला ती धावत घरी आली, झग्याचा लोंबता दोरा कापायला कात्री हवी म्हणून कारखान्यात शिरली, आणि तिने ते कापड उचललं. पेट्यांना आतून अस्तर शिवायचं काम तिचंच असे. कुठली पेटी कुणाच्या मापाची हे तिला बघताक्षणी कळे. याही पेटीचं माप तिला कळलं…

“कुणी केली ही?”

थोरला नुकताच तिच्या मागोमाग आत आला होता. कोपऱ्यांचे सांधे पाहताच तो समजला. तसे सांधे एकच हात करू शकत होता, आणि तो हात तिच्या पाठीमागे, दारात उभा होता. आबा! अंगावर भुसा, चेहरा पांढराफटक. आपलाच नियम मोडलेला म्हातारा. लहानपणीच आईबाप गेलेल्या या मुलीने सासऱ्याला बाप मानलं होतं. पुढचे दिवस कसे येणार ते थोरल्याला दिसत होतं. त्या दिवसांत तिला डोकं टेकायला एक खांदा लागणार होता, आणि दोन खांद्यांपैकी एकच उरणार असेल तर तो बापाचा उरू दे, असं त्याच्या मनाने त्या एका क्षणात ठरवून टाकलं.

“मी,” तो म्हणाला.

आबांचं तोंड उघडलं… आणि मिटलं.

“मी तिकडे तिच्यासाठी प्रार्थना करत होते,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आणि तुम्ही इकडे रंधा मारत होतात! देवाने सोडायच्या आधी तुम्ही सोडलंत तिला.”

चिमणी गेली. ‘त्या पेटीत माझी पोर जाणार नाही,’ असं आई म्हणाली, तेव्हा थोरल्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला, दारंखिडक्या करणाऱ्या एका मित्राच्या दुकानात दुसरी केली. तेव्हापासून तिने कारखान्यात पाऊल टाकलं नाही, आणि चर्चमध्येही नाही. अस्तर शिवून झालं की ती ते उंबऱ्यावर ठेवून जाई. नवऱ्याशी बोलणं म्हणजे मीठ संपलंय, नळ गळतोय, आबांना खोकला झालाय. चिमणीचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. आणि आबा? आबांनी त्या दिवसानंतर रंध्याला हात लावला नाही. म्हातारपणाने हात कापतात, असं लोकांना सांगितलं.

थोरला दर रविवारी एकटाच उपासनेला जाई आणि बाकावर शेजारची जागा रिकामी ठेवून बसे. “सूनबाईंना कधी आणताय?” असं पाळकांनी विचारलं, की तो म्हणे, “तिचं नि प्रभूचं भांडण चालू आहे, साहेब. दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये.” मोठी प्रार्थना त्याला जमत नसे. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी बाकावर तळवा टेकून तो एवढंच म्हणे, “प्रभू, आजचा दिवस रेट. उद्याचं उद्या बघू.” आणि खरोखर, दिवस रेटला जाई. कधी कधी त्याला फार राग येई, बापाचा, बायकोचा, आणि स्पष्टच सांगायचं तर प्रभूचाही. अशा दिवशी तो गाणी न म्हणता ओठ मिटून बाकावर बसे, पण बसे. ‘खरं काय ते प्रभूला ठाऊक आहे, तेवढं पुरे,’ असं तो स्वतःला समजावी. पुरे होत नसे ते, पण माणसाने स्वतःला काहीतरी सांगावं लागतंच ना!

ताईकडे जाण्याचं तिने सांगितलं, त्याच दिवशी दुपारी ती आबांना सूप भरवत होती आणि थोरला दाराच्या सैल झालेल्या बिजागरीला तेल घालत होता. आबांची नजर तिच्या चेहऱ्यावर ठरली आणि मग एकाएकी मऊ झाली. गेले काही दिवस असं होई. म्हातारा मध्येच जुन्या काळात निघून जाई, आणि सून त्याला त्याची गेलेली बायको वाटे.

“अगं, आलीस?” आबा म्हणाले. “बरं झालं. तुला एक सांगायचंय. मी लहान पेटी केली.”

थोरल्याच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. “आबा, बोलू नका. दमाल.”

“नाही, हिला कळायला हवं.” आबांनी सुनेचं मनगट धरलं. “आपला धाकटा गेला तेव्हा मी कारखान्यात खिळे ठोकत होतो आणि तू भिंतीपलीकडे बसली होतीस. प्रत्येक ठोक्याला तू ओरडायचीस. मी थांबलो की तू थांबायचीस, मी ठोकला की पुन्हा… शेवटी मी धडाधड ठोकले, लवकर संपावं म्हणून. आठवतं ना तुला?”

तिने चमचा वाटीत ठेवला. थोरला पुढे झाला, “आबा, खरंच पुरे आता…”

“बोलू द्या त्यांना!” ती वळून न पाहता म्हणाली.

“चिमणी काही राहत नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. मला वाटलं, सून तिकडे दूर हॉस्पिटलमध्ये पोरीपाशी आहे, तोवर करून ठेवतो. निदान माझ्या सुनेला ठोके ऐकायला लागू नयेत. तुझ्यासारखं तिचं होऊ नये!” म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “पण तिने पाहिलं गं. आणि थोरला म्हणाला, मी केली. मी तिथेच उभा होतो… माझी जीभ उचलली नाही. तिचं प्रेम तुटेल म्हणून भ्यायलो. लेकाचा संसार मोडला माझ्यापायी, आणि मी रोज तिच्या हातचा घास खातोय. प्रभूला कोणत्या तोंडाने भेटू?”

तिने मनगट सोडवून घेतलं नाही, पण तिचा चेहरा असा काही झाला होता, की थोरल्याला वाटलं, आता ही उठेल आणि आजच निघून जाईल.

“आबा,” ती शेवटी म्हणाली, “सासूबाई नाहीत मी. सूनबाई आहे.”

आबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते लहान मुलासारखे ओठ काढून रडायला लागले.

“मला तुमचा राग आलाय, आबा,” ती म्हणाली, आणि तिचाही आवाज फुटला. “खूप आलाय! खोटं सांगत नाही. पण तो राग आणि मी, आम्ही दोघं इथेच बसतो. सूप निवतंय, आधी ते घ्या.”

आबांनी आ केला. दोन चमचे झाल्यावर ते म्हणाले, “प्रार्थना म्हणशील?”

तिने सुरू केली; प्रभूने शिकवलेली ती प्रार्थना तिला लहानपणापासून तोंडपाठ होती. पण अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी येऊन ती अडली. आबा डोळे मिटून वाट पाहत होते. मग तिने ती ओळ म्हटली, घाईने नाही, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी, आणि पुढची प्रार्थना पूर्ण केली.

आबांना झोप लागली तेव्हा ती उठली आणि तडक कारखान्यात गेली. थोरला मागोमाग गेला. तिने हा उंबरा ओलांडला, याचंच त्याला इतकं नवल वाटलं, की ती रागाने पेटली आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

“तुम्ही कोण ठरवणारे?” ती ओरडली. “मी कुणावर रागवायचं आणि कुणावर नाही, हे तुम्ही कोण ठरवणारे? मला खरं कळलं असतं तर मी आबांशी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग त्यांच्याच गळ्यात पडून रडले असते! आणि रात्री तुमच्या… तुमच्या कुशीत रडले असते. तुम्ही मला लेक गेल्यावर एकटीला रडायला लावलंत. मोठे क्रूस वाहायला निघालात! आणि माझ्या खांद्यावर काय ठेवलंत ते वळून तरी पाहिलंत का?”

थोरल्याने आजवर या क्षणाची कल्पना अनेकदा केली होती. त्यात ती नेहमी त्याची माफी मागे. आज त्याला कळलं, की आपल्या त्यागात आपण स्वतःला जरा जास्तच मोठं मानत आलो. बापाला वाचवलं खरं, पण बायकोला विचारलं नाही, आणि तिच्या वाट्याचं दुःख परस्पर वाटून टाकलं.

“चुकलो,” तो म्हणाला. आणि जे चिमणीला पुरतानाही त्याने इतरांसमोर होऊ दिलं नव्हतं, ते झालं. तो भुशात मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. मग पदराने डोळे पुसत तीही त्याच्या शेजारी भुशात बसली. आणि उठली नाही.

पुढच्या आठवड्यात आबा गेले. सकाळी, सुनेने तोंड पुसून दिल्यावर, काही न बोलता. जाण्याआधीचे दिवस ते शांत होते. सुनेशी जरा बिचकून वागत, आणि ती मुद्दाम त्यांना दरडावून औषध पाजी, म्हणजे त्यांना बरं वाटे.

तयार पेट्या होत्या, पण बापाला तयार पेटीत ठेवायचं थोरल्याच्या जिवावर आलं. त्याने चांगल्या फळ्या काढल्या. मग स्वयंपाकघरात येऊन तो घुटमळला.

“तू जरा शेजारी जाऊन बसतेस का? आता ठोके ऐकू येतील.”

“मी भिंतीच्या या बाजूला बसणार नाही,” ती म्हणाली. “आणि शेजारीही जाणार नाही. मी तुमच्याबरोबर येते.”

तिने फळीचं दुसरं टोक धरलं. त्याने खिळा ठोकला. तिचे डोळे मिटले, पण हात सुटला नाही. दुसरा खिळा… तिसरा… एक बाजू पूर्ण झाली तेव्हा ती म्हणाली,

“मला चिमणीचं काहीतरी सांगा. मी हॉस्पिटलात नसायचे तेव्हाचं. तुमच्याकडे ते सगळं तसंच पडून असेल.”

थोरल्याने हातोडी खाली ठेवली. “एकदा डॉक्टर तिला तपासायला आले,” तो म्हणाला, “तर ही त्यांना म्हणते, तुम्ही आधी आ करा. बिचाऱ्यांनी केला. ही आत डोकावली आणि म्हणाली, काही नाही, फक्त दात नीट घासत जा.”

तिच्या तोंडून आधी हुंदक्यासारखा आवाज आला. मग तो हसूच आहे हे दोघांनाही कळलं, आणि कळल्यावर ते थांबेना. समाचाराला आलेली शेजारीण दारातच थबकली. घरात मयत, आणि नवराबायको पेटीला दोन्ही बाजूंनी धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत! ती बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि त्यांचं आटपायची वाट पाहू लागली.

आत ती म्हणत होती, “अजून सांगा.”