रंजीता मॅडमचं लेकरू

आमच्या घरासमोरून कारंज्याला जाणाऱ्या जीपा हॉर्न वाजवत नाहीत. बाबांनी कामरगावच्या स्टँडवर जाऊन एकेका ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, "पोराची मीटिंग राह्यते, दहा ते सहा." शेजारची चंपाबाई त्या वेळात मसाला कुटत नाही. आई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवते.

मला नोकरी नाही. मार्चमध्ये पुण्याच्या कंपनीने एका दुपारी आम्हा अकरा जणांना घरी पाठवलं. गावातल्या आमच्या घरांच्या ओळीतला मी पहिला इंजिनिअर. विहारात माझा सत्कार झाला होता, त्याची शाल अजून कपाटात घडी करून ठेवलेली आहे. घरी सांगितलं, आता घरूनच काम करायचं.

मग काम सुरू केलं. हेडफोन लावायचा, जुनी फाईल उघडायची आणि बोलायचं. पलीकडे कुणीतरी हवं म्हणून एक साहेबीण तयार केली, रंजीता मॅडम. प्रश्न विचारायचा, आठ-दहा सेकंद थांबायचं, मान हलवायची. एकदा कंटाळून लवकर उठलो, तर आईने कारण विचारलं. म्हटलं, मॅडमच्या लेकराला ताप आहे. तेव्हापासून आई रोज विचारायची, "ताप उतरला काय त्याईच्या लेकराचा?" मी रोज म्हणायचो, नाही अजून. मला हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

जूनमधल्या एका दुपारी लाइन गेली. वायफाय बंद पडलं. तरी मी सवयीने विचारलं, "मॅडम, ऐकू येतंय का?" आणि थांबलो.

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. ते थांबलं आणि एक बाई म्हणाली, "बोला."

हेडफोनची वायर माझ्या मांडीवर पडली होती. ती कशालाच लावलेली नव्हती.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. चूक दिसली की ती पुन्हा घडवून बघायची, एवढंच मला येतं. दुसरा हेडफोन घेतला, लॅपटॉप बंद केला, जागा बदलली. तिन्ही वेळा प्रश्नानंतर आठव्या-नवव्या सेकंदाला ती बाई म्हणाली, "बोला." बोलण्यासारखं माझ्याकडे होतं काय?

पिंकी माझी धाकटी बहीण. बारावीनंतर वाशिमला तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. शाळेत असल्यापासून तिला तेच करायचं होतं. पण घरात माझा तो थाट बघून तिचं मन फिरलं. "मले बी दादासारखं कंप्युटरच कराचं हाय," म्हणाली. बाबांना तर आनंदच झाला.

नर्सिंगची कागदपत्रं द्यायचा शेवटचा दिवस आला. सकाळी मी तिला खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"पिंके, मले नोकरी नाही. मार्चपासून नाही. रंजीता मॅडम म्हणून कोनीच नाही. तू आताच्या जीपनं निघ."

ती नुसती हसली.

"असं सांगशीन तू, माहीत होतं मले."

"कोनं सांगतलं?"

"मॅडमनं. तू आंघोळीले गेला होता तवा म्या तुह्या हेडफोन कानाले लावला. म्हणे, दादा आज तुले सांगन का मी कोनीच नाही. मनावर घेऊ नको. तुले आमी घेतो, म्हणे."

बाहेर जीप आली. दारासमोरून गेली. हॉर्न वाजला नाही.

मी धावत जाऊन ती थांबवायला हवी होती. पण पिंकी अजूनही मोठ्या भावाकडे बघावं तशीच माझ्याकडे बघत होती.

मी गप्प बसलो. मला हायसं वाटलं.

आता खोलीत दोन खुर्च्या आहेत. माझ्या हेडफोनमध्ये त्या दिवसापासून काही येत नाही. पिंकी विचारते, थांबते, वहीत लिहून घेते. तिची वायर मी रोज बघतो. ती कुठेच लावलेली नसते.

काल आई चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "उतरला काय ताप?"

पिंकीने हेडफोन काढून आईच्या कानाला लावला. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"किती खोकून राह्यलं ते लेकरू," ती मला म्हणाली. "अन् तुह्यंच नाव घेऊन राह्यलं."