एस्पोझितोसाठी मूठभर ज्वारी

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदात शंभर दाणे ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे. तेव्हा अंगारेधुपारे मला सांगू नका. घडलं तसं सांगतो, पटलं तर बघा.

मार्को एस्पोझितो नेपल्सहून आमच्याकडं यंत्र बसवायला आला. त्याला जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं ते मीच. हौस, दुसरं काय! माझी माय, द्वारकाबाई, भाकरी वाढता वाढता त्याच्या आडनावाचा अर्थ विचारू लागली. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत.

"बाहेर ठेवलेला," मी म्हणालो. "त्यांच्या गावात नको असलेलं बाळ अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या फिरत्या चाकात ठेवून जायचे. असल्या बाळांना हे आडनाव. ह्याच्या खापरपणजोबाला तसंच ठेवलं होतं."

मायचा हात थांबला. "मंग परत घ्यायला कोणीच आलं न्हाई?"

"न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी! माझ्यासाठी कधी आलेलं मी पाहिलं नाही. माझ्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून मलाही जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं. शेजारणीनं उचललं, मायनं तिला मूठभर ज्वारी देऊन मला विकत घेतलं, टाचेवर बिब्ब्याची फुली काढली आणि नाव ठेवलं कडूबा. असलं नाव ऐकलं की मरण तोंड वाकडं करून पुढं जातं म्हणे.

"ह्याला बी घेऊन टाकते," माय म्हणाली. सूप आणून तिनं मार्कोचा हात त्यात ठेवला आणि ज्वारीची मूठ माझ्यापुढं धरली. "विकणारा तू हो."

सायीचं दही त्याच्या ताटात, मला ताक. माझं पित्त खवळलं. ज्वारी हिसकावून घेतली.

"घे, ने तुझं लेकरू! माझी जागा बी दे त्याला!"

मार्को हसला. त्याला गंमत वाटली.

मग तो रोज येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात चक्क मराठीत म्हणाला, "माय, मीठ जादा झालं बघ." कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाला, मी कुठं काय वेगळं बोललो?

"लेकरू जेवून राह्यलं," माय म्हणाली, "तू कशाला जळून राह्यला?"

जळत होतो, खरंच. चाळिशीचा बाप्या, पण जळत होतो.

एकदा कोपऱ्यावरचा चहावाला वसंता मार्कोला म्हणाला, "काय कडूबा, आज लेट?" मी शेजारीच उभा.

"वसंता, डोळे फुटले का?"

तो ओशाळला. मला म्हणाला, "सॉरी सर."

संध्याकाळी मार्को ओट्यावर पाय धूत होता. टाचेवर काळी फुली होती. मी माझा पायमोजा काढला. माझी टाच कोरी होती.

एका रविवारी दुपारी घरी आलो. दार आतून बंद.

"कडूबा, अजून अर्धी घे," आतून माय म्हणाली.

"बास, माय." आवाज माझा होता.

मी कडी वाजवली. दार थोडं उघडलं. मायनं मला खालवर पाहिलं.

"माय, मी आहे."

"कोण पाहिजे तुमाला?"

जन्मात पहिल्यांदा तिनं मला तुम्ही म्हटलं.

ती आत गेली, मूठभर ज्वारी घेऊन आली. दारावर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायची तिची रीत नाही. मी ओंजळ पुढं केली. दार लागलं.

त्यातले शंभर दाणे ओल्या कागदात ठेवले. आज, दहाव्या दिवशी, उघडले. उगवले शून्य.

वरच्या चिठ्ठीवर नमुना आणणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. लिहिलंय एस्पोझितो. अक्षर माझं आहे.