चौथं कडवं

खोटं बोलून मला आता काय मिळणार? ज्या हातांनी हे घडलं, त्याच हातांनी लिहितोय.

नाटकमंडळीच्या तालमीच्या दालनात घडलं. वेळ दुपारची साडेतीनची. रात्रच असावी लागते असं काही नाही. त्या दालनाला खिडक्याच नव्हत्या.

आमची मंडळी दर वर्षी नवं संगीत नाटक उभं करायची. गोष्ट नवी, चाली नव्या. एका वर्षी सर्कशीची गोष्ट, तिला बँडचा दणका. पुढच्या वर्षी कोर्टातला खटला, वकील चक्क भांडत गायचे. कुणी जुनं नाटक मागितलं की चाली बांधणारे मास्तर म्हणायचे, "शिळं आम्ही वाढत नाही."

मी पडदे आणि देखावे वरखाली करणारा. दोर माझ्या ताब्यात.

त्या वर्षीची गोष्ट दीपगृहावरच्या मुलीची होती. तिच्या गाण्याच्या शेवटी छतातून लाकडी गलबत खाली उतरायचं. चार माणसांच्या वजनाचं. दोराला खुंटीवर वेढे दिलेले असत. ते सैल करत मी गलबत हळूहळू खाली सोडायचो.

दीपगृहावरची मुलगी व्हायच्या आमच्या ताई. मंडळीतल्या सगळ्यात मोठ्या गायिका. चौथं कडवं त्यांनी स्वतः मास्तरांकडून बांधून घेतलं होतं. इतकं उंच, की दुसऱ्या कुणाच्या गळ्याला ते झेपलं नसतं.

कधी काय करायचं, त्या खुणांचे कागद बाकीच्यांकडे असायचे. मला अक्षरओळख नव्हती.

ताई म्हणाल्या, "मामा, कागद वाचता येत नाही ना? मग माझा श्वास वाचा."

शेवटच्या ओळीच्या मध्यावर त्या एक खोल श्वास घ्यायच्या. ओढून घेतल्यासारखा. त्या श्वासावर मी दोर सोडायचो. तो चुकू नये म्हणून डोळे मिटून उभा राहायचो.

दोन महिने तालमी झाल्या. मग ताईंना ताप आला. सहाव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांच्या जागी माझी भाची आली. सख्ख्या बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची. बहीण म्हणाली होती, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवतेय."

चौथं कडवं पोरीला झेपणार नव्हतं. मास्तरांनी ते तिला शिकवलंच नाही. कागदावर काट मारली आणि मला तोंडी सांगितलं, "मामा, आता तीनच कडवी. ती मागे सरकून हात वर करेल, तेव्हा सोडा."

चार दिवस ठीक गेले.

पाचव्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, गाणं संपलं की माझ्या मागून कोण गुणगुणतं हो?"

"उंदीर असेल. त्यालाही काम हवंय नाटकात."

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पेटी थांबवली. "कोण गातंय? तीन म्हणजे तीन!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच गात नव्हतं...

मग ती दुपार. पहिला प्रयोग आठ दिवसांवर आलेला.

तिसरं कडवं संपलं. भाची मागे सरकली. तिने हात वर केला. मी वेढ्याला हात घातला.

आणि चौथं कडवं सुरू झालं...

मला वाटलं, मास्तरांचं मन पुन्हा फिरलं. नव्या नाटकात हे रोजचंच. सकाळचं गाणं संध्याकाळी नसतं.

मी थांबलो. सवयीने डोळे मिटले.

"विझव दिवा... मी अंधारातच येते..."

काय आवाज होता! पण पेटी वाजत नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मागाहून कळलं, सगळे मला हाका मारत होते. "मामा! अहो मामा, गलबत!" त्यातली एकही हाक मला ऐकू आली नाही.

गलबत अडकलं असं वाटून भाची पुढे आली. बरोबर त्याच्याखाली उभी राहिली. मान वर करून बघत होती.

शेवटची ओळ आली.

आणि तो श्वास...

समोरून नाही. माझ्या कानाशी. गार.

माझी मूठ सुटली.

वेढे भराभर उलगडले. किंकाळीने डोळे उघडले. मी दोर पकडला, तळहातांची सालपटं निघाली. गलबताचा कोपरा तिच्या खांद्यावर बसला. वीतभर इकडे असती, तर डोक्यावर.

गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला.

"डोळे मिटून काय उभे होता?" मास्तर ओरडले.

"चौथं कडवं संपायची वाट बघत होतो."

"कुठलं चौथं? पेटी तिसऱ्यालाच थांबली!"

ते नाटक झालं नाही. मी दोराचं काम कायमचं सोडलं. मग त्या वयात अक्षरं शिकायला पाटी घेऊन बसलो. पुन्हा कशासाठीही कानांवर विसंबायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी भाची बहिणीच्या घरी खिडकीशी बसली होती. खांदा प्लॅस्टरमध्ये. गात होती.

चौथं कडवं.

सगळं. त्या उंचीवर. मधला श्वाससुद्धा तसाच, ओढून घेतल्यासारखा.

"कुणी शिकवलं तुला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शिकवायचं काय, मामा? ते गाण्यातच आहे ना?"

आज ती मोठी गायिका आहे. लोक म्हणतात, असा गळा जन्मात एकदा मिळतो. मी मान डोलावतो.

परवा घरी आली होती. बोलता बोलता तिने तसा श्वास घेतला... आणि मांडीवरची माझी मूठ आपोआप उघडली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी तिच्या डोक्यावर काय आहे, ते पाहिलं.