थंड पाइपचं कोडं

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला आणि मावशीने टॅक्सी घाटातच कडेला घेतली. बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. आठवड्यात ही तिसरी वेळ! पण आज मागच्या सीटवर आजोबा होते, दम्याने जीव मेटाकुटीला आलेले. हॉस्पिटल डोंगरापलीकडे. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळं नवं घातलंय असं गॅरेजचा मिस्त्री छातीठोकपणे सांगत आला होता. वर, मावशीलाच गाडी चालवता येत नाही, असंही म्हणाला होता. मावशी घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेली. तिच्या भाचीने, बारा वर्षांच्या मुंगीने, तिचा हात घट्ट धरला. आत्ता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल, हे सुट्टीभर मावशीबरोबर गॅरेजात बसून तिला पाठ झालं होतं.

थांबणं भाग होतं. मुंगीचा धाकटा भाऊ ढब्बू आजोबांना टेकू देऊन बसला होता. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजे, मधेच थांबे. रडू नये म्हणून मुंगी इंजिनाशी खुडबुड करू लागली. रेडिएटरच्या वरच्या पाइपजवळ हात नेला तरी चटका बसत होता. खालचा पाइप मात्र गार.

“इंजिन उकळतंय, मग हा गार कसा?” ती पुटपुटली.

पुढच्या सीटवरून उतरून आलेला मावशीचा मुलगा सगळ्यांच्या चुका काढायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. त्याने लगेच ओळखलं की पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही. इंजिन तापलं की थर्मोस्टॅटची झडप उघडायला हवी. ती बंदच राहत होती.

“अरे, तो नवा आहे म्हणाला ना मिस्त्री,” मावशी म्हणाली.

“म्हणाला, आई. आपण कुठे पाहिलाय?”

इंजिन हाताला सोसवेल इतकं निवायला पाऊण तास लागला. मावशीने दोन बोल्ट काढले. थर्मोस्टॅट गंजून तपकिरी झाला होता. नवा कसला, पुरातन होता तो! तो काढला की पाण्याची वाट मोकळी, म्हणून त्याच्याविनाच जायचं ठरलं. पाणी गळू नये म्हणून त्याच्याखाली लावलेलं कागदी पॅकिंग फाटलं, तेव्हा मास्तरने चित्रकलेच्या वहीचा पुठ्ठा त्याच आकाराचा कापून बसवला. मुंगीने रस्त्याखालच्या ओढ्यावरून चार खेपा करून कॅनने पाणी आणलं. गुडघे फुटले, पण थेंब सांडू दिला नाही.

गाडी निघाली. पुठ्ठ्यातून पाणी ठिबकत होतं. काटा चढला, चढला, आणि मधोमध थबकला. हॉस्पिटलच्या दारात आजोबांना ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे मावशीने टॅक्सीचं इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मिस्त्रीसमोर पातेल्यात पाणी उकळून तो थर्मोस्टॅट त्यात सोडला. झडप हलली नाही. मिस्त्रीने खण उघडला. नवा थर्मोस्टॅट खोक्यातच होता. बसवायला विसरला होता! सगळ्या कामगारांदेखत त्याने मावशीची माफी मागितली आणि पोरांनी आपली अक्कल ठिकाणावर आणली, हेही कबूल केलं.

संध्याकाळी हॉस्पिटलात आजोबांनी तिघांना खाटेवर बसवून घेतलं. आवाज अजून खोल गेलेला होता.

“काल घाटात मी मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला होता,” ते म्हणाले. “तो परत घेतोय, पोरांनो.”